जुलाब लागले म्हणून ट्रान्सप्लांटची गोळी थांबवावी का?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या यजमानांचं, वय ४६, पाच महिन्यांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. गेले तीन आठवडे यजमानांना दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतंय, पोटात सारखं गुडगुडतं, वजन तीन किलोंनी उतरलंय. ताप नाही, शौचातून रक्त नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, १.२ होतं ते १.७ झालं आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल १३ आली. चालू गोळ्या: टॅक्रोलिमस, त्याच कामाची मायकोफेनोलेट मोफेटिल ५०० च्या दोन सकाळी दोन रात्री, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, पँटोप्राझोल, संसर्ग टाळायला कोट्रायमॉक्साझोल, मॅग्नेशियम, बीपीसाठी टेल्मिसार्टन. साखर वाढली म्हणून दीड महिन्यापूर्वी मेटफॉर्मिन सुरू झालं. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध तीन महिने घेऊन बंद केलं. त्यांचे प्रश्न दोन: ‘मायकोफेनोलेटने पोट बिघडतं असं सगळे म्हणतात, तर ती गोळी चार दिवस बंद ठेवून पाहू का? आणि जुलाबातून औषध वाहून जात असेल तर टॅक्रोलिमस थोडी वाढवून द्यावी का?’

ताई, दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. त्यातली दुसरी गोष्ट तर फार लवकर अंगाशी येते, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

जुलाबात खाल्लेलं-प्यायलेलं टिकत नाही, मग गोळी कशी टिकेल, असं वाटणं साहजिक आहे. टॅक्रोलिमसचं मात्र उलटं होतं. एरवी आपण गिळलेल्या टॅक्रोलिमसपैकी सरासरी चौथा हिस्साच रक्तात पोचतो. आतड्याच्या अस्तरातली काही एन्झाइम्स औषध तिथल्या तिथे मोडतात आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप आत शिरलेलं औषध पुन्हा आतड्यात ढकलतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने चारातल्या तिघांना परत पाठवावं, तसं. जुलाबाने अस्तर सोलवटलं की हा वॉचमन जागेवर नसतो. मग तेवढ्याच गोळीतून जास्त औषध रक्तात जातं आणि लेव्हल चढते. ट्रान्सप्लांटच्या पाचव्या महिन्यात बहुतेक ट्रान्सप्लांट युनिट्स ही लेव्हल साधारण ५ ते ८ च्या आसपास ठेवतात, थोडं इकडे-तिकडे. १३ म्हणजे जास्तच. वाढलेली टॅक्रोलिमस किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आवळते. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं. क्रिएटिनिन वाढायला एवढं पुरतं. यावर तुम्ही आणखी अर्धी गोळी वाढवली असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

पण १३ हा आकडा मानण्याआधी एक गोष्ट विचारतो, कारण ओपीडीत हा घोळ सारखा होतो. त्या दिवशी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी दिलं होतं का? ही लेव्हल आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, पुढची गोळी घेण्याच्या आधी पाहायची असते. ‘फास्टिंग’ म्हटलं की लोक चहा टाळतात, पण गोळ्या घेतात. त्या उपाशीपोटीच घ्यायच्या असतात ना! घरी रक्त न्यायला येणारा मुलगा आठऐवजी दहाला उगवला, की मधल्या वेळात गोळी पोटात गेलेली असते. मग रिपोर्टमध्ये येते ती चढती लेव्हल, आणि तिच्यावर भरवसा ठेवून डोस कमी केला तर उद्या खरी लेव्हल खाली घसरते. तसं झालं असेल तर रिपोर्टवर वेळ लिहून डॉक्टरांना सांगा. आणि आकडा खरा असेल तरी डोस युनिटनेच बदलायचा. जुलाब थांबले की अस्तर भरून येतं आणि लेव्हल आपोआप उतरते. म्हणजे आता कमी केलेला डोस तेव्हा पुन्हा वाढवावा लागतो. या काळात लेव्हल एकदा पाहून भागत नाही. दर काही दिवसांनी ती बघत जावी लागते, आणि त्या खर्चाला इलाज नाही.

आता पाणी. जुलाबाचं कारण पुढे काहीही निघो, पहिल्या दिवशीचं काम हेच. तीन किलो उतरलेत, त्यात बराच भाग पाण्याचा असणार. नुसतं पाणी पिऊन चालत नाही, मीठही गेलेलं असतं. डब्ल्यूएचओच्या प्रमाणातलं ओआरएस, अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असले प्रयोग नकोत. आपल्याकडे जुलाब म्हटलं की शहाळं येतंच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि टॅक्रोलिमस, टेल्मिसार्टन, कोट्रायमॉक्साझोल ही तिन्ही पोटॅशियम चढवणारी औषधं. तेव्हा सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट हातात येईपर्यंत शहाळं आणि केळी बाजूला ठेवा. ओआरएसमध्येही थोडं पोटॅशियम असतं, पण जुलाबातून ते जातही असतं, म्हणून ओआरएस थांबवू नका. रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन करा. घरी पाण्याचा हिशोब ठेवायला याहून चांगलं माप नाही. टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन या दोन गोळ्यांबद्दल आजच युनिटला फोन करून विचारा. अंगात पाणी कमी असताना त्या बहुतेक वेळा तात्पुरत्या थांबवायला सांगतात. वाढत्या क्रिएटिनिनसोबत मेटफॉर्मिन चालू ठेवणं मला तरी बरं वाटत नाही.

तुम्ही लिहिलेल्या यादीतच जुलाबाचे दोन-तीन संशयित आहेत, आणि ते मायकोफेनोलेटच्या आधी तपासायचे असतात. मेटफॉर्मिनने पोट ढिलं होतं, विशेषतः सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर. तीन आठवड्यांपूर्वी डोस वाढवला होता का, ते आठवा. मॅग्नेशियम तर रेचकच आहे. टॅक्रोलिमसमुळे रक्तातलं मॅग्नेशियम लघवीतून जातं म्हणून ते देतात, पण ते जास्त झालं तर शौचावाटे निघतं. पँटोप्राझोलने जठरातलं आम्ल कमी होतं आणि पोटात गेलेल्या जंतूंना मोकळी वाट मिळते. टॅक्रोलिमसही निर्दोष नाही. ती एरिथ्रोमायसिनच्याच जातीची, म्हणजे मॅक्रोलाइड, आणि आतड्याची हालचाल वाढवते. लेव्हल १३ असेल तर तेही एक कारण असू शकतं. जुलाब, चढलेली लेव्हल, आणखी जुलाब असं चक्र मग सुरू होतं.

युरोपात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ट्रान्सप्लांटनंतर बराच जुलाब असलेल्या रुग्णांमध्ये आधी संसर्ग आणि इतर औषधं नीट तपासली, त्यांवर उपचार केले. सुमारे निम्म्या लोकांचा जुलाब रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांना हातही न लावता थांबला. मी नवीन रेसिडेंट डॉक्टरांना हेच सांगतो: मायकोफेनोलेटवर बोट ठेवणं सोपं असतं, म्हणूनच ते शेवटी ठेवायचं.

संसर्गाकडे वळू, कारण तुमच्या यजमानांच्या बाबतीत मला खरी काळजी तिथली आहे. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर बंद होऊन दोन महिने झाले. सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, डोकं वर काढतो तो बऱ्याचदा याच सुमाराला. हा विषाणू आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आधीपासून निपचित पडलेला असतो, आणि दिलेल्या किडनीतूनही येतो. आतड्यात तो जखमा करतो. ताप असलाच पाहिजे असं नाही. रक्तातली सीएमव्ही पीसीआर करून घ्या, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. आजार आतड्यापुरताच असेल तर रक्तात विषाणू सापडत नाही, असंही होतं. जुलाब थांबत नसेल तर कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासावा लागतो. ‘एवढ्याशा जुलाबाला दुर्बीण?’ असं नातेवाईक म्हणतात. नवीन किडनी असलेल्या माणसाचा तीन आठवड्यांचा जुलाब एवढासा नसतो.

शौचाची साधी तपासणी पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा यांसारखे परजीवी साध्या स्लाइडवर नजरेतून सुटतात. लॅबला ‘मॉडिफाइड ॲसिड फास्ट’ रंग लावून बघा असं लेखी सांगावं लागतं, आणि तेही वेगवेगळ्या दिवसांच्या दोन-तीन नमुन्यांवर. अनेक जंतू एकदम शोधणारा पीसीआर पॅनेल महाग पडतो, पण अडलेल्या केसमध्ये वेळ वाचवतो. अलीकडे अँटिबायोटिक झालं असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठीही तपासणी हवी. वजन उतरतंय, भूक मेलीय, संध्याकाळी कणकण वाटते, असं चित्र असेल तर आतड्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. टीबी निघाला तर रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमसची लेव्हल कोसळते, म्हणून तो उपचारही ट्रान्सप्लांट युनिटच्या देखरेखीखालीच.

क्रिप्टोस्पोरिडियमवरून पाण्याबद्दल बोलायलाच हवं. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात गॅस्ट्रोचे पेशंट वाढतात हे आपण दरवर्षी बघतो. पालिका पाण्यात क्लोरीन घालते आणि त्याने कॉलरा-टायफॉइडचे जंतू मरतात. क्रिप्टोस्पोरिडियमची अंडी मात्र नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. त्यामुळे क्लोरीनची गोळी किंवा थेंब या एका शत्रूपुढे निकामी. पाणी खळखळून उकळलं की मात्र तो मरतो. चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरे. पाणी तलावातून चांगलं निघालं तरी सोसायटीची जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली, तिच्याशेजारून गटाराची लाइन जाते का, हे कोणी बघितलेलं नसतं. सेक्रेटरीला विचारा. ऑफिसातल्या कूलरचं पाणी, उसाच्या रसातला बर्फ, स्टेशनबाहेरची कापलेली फळं, पाणीपुरी: पहिलं वर्ष तरी हे सगळं बंद.

आता मायकोफेनोलेट. वरचं सगळं पाहून झालं आणि काहीच सापडलं नाही, तर मग तीच दोषी धरायला हरकत नाही. हे औषध पेशींना डीएनएसाठी लागणारा कच्चा माल बनवू देत नाही. किडनीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या मालासाठी पूर्णपणे याच रस्त्यावर अवलंबून असतात, म्हणून त्या दबतात. पण आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं, त्याच्या पेशींनाही हा रस्ता बराचसा लागतो. त्यात हे औषध यकृतातून पित्तात उतरतं आणि पुन्हा आतड्यात येतं, म्हणजे आतड्याची त्याच्याशी दोनदा गाठ पडते. जुन्या सायक्लोस्पोरिनमुळे हा परतीचा फेरा कमी व्हायचा. टॅक्रोलिमसमुळे तो होत नाही, म्हणून आजच्या जोडीत मायकोफेनोलेटचा डोस तोच असला तरी अंगात ते जास्त भरतं आणि पोटाला जास्त बाधतं.

काय करतात? आधी एकूण डोस तोच ठेवून तो वाटून देतात: सकाळ-संध्याकाळ हजार-हजारऐवजी पाचशे-पाचशे चार वेळा, थोडं खाऊन. टॅक्रोलिमस उपाशीपोटी, मायकोफेनोलेट खाल्ल्यावर, अशी वेळांची फोड करता येते, फक्त युनिटशी बोलून ठरवा. दुसरा मार्ग म्हणजे मायकोफेनोलेट सोडियमची कोटेड गोळी. तिचे ७२० मिलिग्रॅम म्हणजे मोफेटिलचे १०००. आकडे वेगळे दिसतात म्हणून केमिस्टकडून अदलाबदल करून घेऊ नका, आणि ती गोळी तोडू-कुटू नका. माझं प्रामाणिक मत विचाराल तर कोटेड गोळीचा फायदा मळमळ-जळजळीला जास्त दिसतो. जुलाबात काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. करून बघण्यासारखं आहे, चमत्काराची अपेक्षा नको.

त्यानेही भागलं नाही तर डोस कमी करतात. इथे डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. कॅनडातून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मायकोफेनोलेटचा डोस कमी ठेवलेल्या प्रत्येक आठवड्यामागे रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका ४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणून डोस कमी करताना तो पुन्हा कधी वाढवायचा ती तारीख केसपेपरवर लिहिलेली असली पाहिजे. नसेल तर विचारा, संकोच करू नका. ‘तात्पुरता’ कमी केलेला डोस विसरला जातो, हे मी बरेचदा पाहिलं आहे. काहीच जमलं नाही तर ॲझाथायोप्रिन हा जुना पर्याय आहे. मात्र यजमान युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट घेत असतील तर आधी सांगा, ती जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते.

चार दिवस बंद ठेवल्याने काय बिघडणार, असं वाटतं याचं कारण रिजेक्शन दुखत नाही. सुरुवातीला लघवीही नेहमीसारखी होते. कळतं ते क्रिएटिनिन वाढल्यावर. आणि तुमच्याकडे ते आधीच वाढलेलं आहे, कशामुळे ते अजून नक्की नाही. पाणी भरून काढून, लेव्हल खाली आणूनही ते उतरलं नाही तर बायोप्सीचा विषय निघेल. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

घराजवळच्या डॉक्टरांकडे जाताना एक सांभाळा. ते चांगल्या हेतूनेच जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी देतील, पण संसर्ग नाही हे ठरेपर्यंत ती नको, आतडं बांधलं की जंतू आतच राहतात. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल ही औषधं टॅक्रोलिमसची लेव्हल चांगलीच चढवतात, मेट्रोनिडाझोलनेही ती चढल्याची उदाहरणं आहेत. पोटात मुरडा आला म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली कुठलीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, किडनीसाठी आणि जठरासाठीही. नवी गोळी तोंडात टाकण्याआधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला एक व्हॉट्सॲप करायचा, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. काढे, गुळवेल, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं यांना तर साफ नकार. आपण जी शक्ती मुद्दाम दाबून ठेवतोय ती वाढवायची कशाला?

जळजळ आणि ढेकरांचं थोडक्यात. स्टेरॉइडमुळे ॲसिडिटी होते, तिला पँटोप्राझोल ठीक. पांढरं-गुलाबी अँटासिड औषध मायकोफेनोलेट मोफेटिलला आतड्यात अडवतं, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. गिळताना दुखत असेल तर तोंडात पांढरे डाग आहेत का बघा, ती बुरशी असू शकते.

खाण्यात सध्या मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, पेज. उकळलेल्या दुधाचं घरी विरजलेलं ताजं दही आणि ताक चालेल. दूध मात्र काही दिवस थांबवा, आतडं सोलवटलेलं असताना दूध पचत नाही आणि जुलाब लांबतो, कित्येकदा फक्त चहातल्या दुधामुळे. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल स्वतःहून नकोत, त्यात जिवंत जंतू असतात. गणपतीत कोकणातून पपनस येतं, ते यांच्यासाठी कायमचं वर्ज्य, ग्रेपफ्रूटसारखंच टॅक्रोलिमस चढवतं. घरातल्या भाजीतली हळद ठीक, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

ताई, तुम्ही लिहिलं नाही, पण डोंबिवलीहून रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाबद्दल मला एक शंका येते. लोकलमध्ये संडास नसतो. जुलाब असलेली माणसं प्रवासात पंचाईत नको म्हणून सकाळी पाणीच पीत नाहीत, कधी गोळ्याही ‘पोचल्यावर घेऊ’ म्हणून पुढे ढकलतात. यजमान असं करतात का, ते शांतपणे विचारा, रागावून विचारलंत तर खरं सांगणार नाहीत. जुलाब थांबेपर्यंत रजा घेऊ दे. आणि सासूबाई मनात काही घेऊन बसल्या असतील तर त्यांना सांगा, दिलेल्या किडनीत खोट आहे म्हणून हे होत नाहीये.

लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले असताना पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, उद्याच युनिटमध्ये जा. लघवी कमी झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली, ताप आला, शौचात रक्त दिसलं, किंवा उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकेनाशा झाल्या, तर आज रात्रीच कॅज्युअल्टीत न्या. पोटात जोरात, सलग दुखू लागलं तरीही तसंच. स्टेरॉइडमुळे आतडं फुटल्याची लक्षणंही झाकली जातात आणि पोट बाहेरून मऊच लागतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर बरीच युनिट्स ती परत द्यायला सांगतात. तासाभराने झाली तर बहुधा परत देत नाहीत. मधल्या वेळेचं फोन करून विचारा.

उद्या जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, ब्रँड बदललाय का तेही डॉक्टरांना बघता येईल. आणि सकाळची टॅक्रोलिमस घरी न घेता सोबत न्या, लेव्हलचं रक्त देऊन झालं की तिथेच द्या.